फोर बाय फोरला बाहेरून काय लावावं: नागपूरच्या मातीचा आणि उन्हाचा हिशेब

सदरमधल्या कार डेकोरच्या दुकानासमोर नवी थार किंवा जिम्नी, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारी फोर बाय फोर गाडी, उभी राहिली की यादी आपोआप तयार होते. पुढे बुलगार्ड, छतावर एलईडी बार, मागे शिडी, दोन्ही बाजूंना चकचकीत फूटबोर्ड. "टाकून घ्या भाऊ, गाडी वाघावानी दिसते," असं दुकानदार सांगतो, आणि ते खोटंही नसतं. पण ऑगस्टमध्ये उमरेडकडच्या एखाद्या पांदण रस्त्यावर गाडी रुतली की या यादीतली एकही वस्तू तिला बाहेर काढत नाही.

नागपूरच्या आसपास गाडीला दोनच गोष्टी खऱ्या छळतात: पावसाळ्यातली काळी माती आणि उन्हाळ्यातलं ऊन. लडाखचे दगडगोटे किंवा जैसलमेरची वाळू डोळ्यांसमोर ठेवून दिलेला सल्ला इथे अर्धाच लागू पडतो. म्हणून खर्चाचा क्रम मी असा धरतो: आधी टायर, मग ओढण्याची सोय, मग गाडीचं पोट, मग बाजू. छत सगळ्यात शेवटी, आणि बहुतेकांनी तिथपर्यंत पोचूच नये.

पायरी 1: गाडी खरंच कुठे जाते ते लिहून काढा

मागच्या वर्षभरात गाडी डांबरावरून उतरून कुठे गेली, तेवढंच लिहा. काटोल-नरखेडकडची संत्र्याची बाग, खिंडसी तलावाचा काठ, नातेवाइकांचं शेत, एखादा नाला. बऱ्याच जणांच्या यादीत ताडोबा आणि पेंच वर असतात, पण तिथल्या कोअरमधली सफारी नोंदणीकृत जिप्सीतून होते. आपली गाडी गेटपर्यंत डांबरावरूनच जाते. जंगलासाठी म्हणून घेतलेल्या निम्म्या सामानाचं काम इथेच संपतं.

ज्याचं शेत काळ्या मातीत आहे त्याची गरज आणि ज्याची गाडी महिन्यातून दोनदा समृद्धीवरून संभाजीनगरला जाते त्याची गरज वेगळी. दोन्ही एकाच गाडीकडून हवं असेल तर तडजोड टायरमध्ये करावी लागते. त्याकडे येतोच.

पायरी 2: वजनाचा हिशेब दुकानात जाण्याआधी

प्रत्येक गाडीला एकूण वजनाची मर्यादा असते. आरसीवर किंवा मॅन्युअलमध्ये ती सापडते. त्यातून रिकाम्या गाडीचं वजन वजा केलं की माणसं, सामान आणि नंतर लावलेलं सगळं लोखंड यांच्यासाठी किती किलो उरतात ते कळतं. समजा 450 किलो उरले. पाच मोठी माणसं बसली की साडेतीनशे गेले. उरलेल्या शंभरात विंच (मोटरवर दोर गुंडाळून गाडी ओढणारं यंत्र) आणि त्याची फ्रेम 60, लोखंडी कॅरिअर 35, दोन्ही बाजूंचे स्लायडर (दारांखालचे जाड संरक्षक पाइप) 45 किलो असं धरलं, तर बॅग ठेवायच्या आधीच मर्यादा ओलांडली. ब्रेक, स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बर कंपनीने त्याच मर्यादेला धरून बसवलेले असतात.

छताची मर्यादा वेगळी असते आणि ती माणसांच्या अंदाजापेक्षा खूपच कमी निघते. चालत्या गाडीसाठीचा आकडा आणि उभ्या गाडीसाठीचा आकडा हे दोन वेगळे, आणि प्रवासात पहिलाच लागू. त्यात कॅरिअरचं स्वतःचं वजनही मोजायचं. सॉफ्ट टॉप, म्हणजे कापडी छत, असेल तर हा विषय तिथेच बंद.

पायरी 3: कायद्यात काय बसत नाही

हे थोडक्यात, पण पैसे देण्याआधी. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने 7 डिसेंबर 2017 च्या पत्रात राज्यांना क्रॅश गार्ड आणि बुल बारवर कारवाई करायला सांगितलं. कारण सरळ आहे: धडक बसल्यावर चुरगळून धक्का शोषण्यासाठी बनवलेला पुढचा भाग हा गार्ड कडक करून टाकतो, एअरबॅगच्या सेन्सरचं गणित बिघडू शकतं, आणि समोर पायी माणूस असेल तर त्याच्या वाचण्याची शक्यता घटते. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2019 मध्ये हेच अधोरेखित केलं. 2019 च्या दुरुस्तीनंतर नियमबाह्य बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

एमएच 31 असो, 40 असो की 49, व्यवहारात एवढं पाळा: चासी कापू नका, गाडीची रुंदी वाढवू नका, हाय सिक्युरिटी नंबर प्लेट पूर्ण दिसू द्या. स्टेपनीचं कव्हर, शिडी किंवा विंचची प्लेट हमखास नंबर प्लेटवर येते. आणि जे काही लावाल ते विमा कंपनीला लेखी कळवा.

पायरी 4: टायर, म्हणजे अर्धं काम

ज्याच्याकडे एकाच गोष्टीपुरतं बजेट आहे त्याने ते इथे घालावं. काळ्या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि चिकटते. कंपनीच्या रोडटायरच्या खाचा काही मीटरांतच भरतात. मग चारही चाकं गुळगुळीत होतात आणि फोर बाय फोर लीव्हर टाकूनही ती जागेवरच फिरतात. खेड्यात पावसाळा लागला की मोटरसायकलचं पुढचं मडगार्ड काढून ठेवतात, त्याचं कारणही हीच माती: ती चाक आणि मडगार्डच्या मध्ये गच्च बसून चाक अडवते.

त्यावरून दोन गोष्टी ठरतात. एक, खाचा रुंद हव्यात म्हणजे चाक फिरताना माती फेकली जाते. दुसरी, चाक आणि कमानीतली मोकळी जागा जपायला हवी. मोठा टायर घेतला तर गाडी उंच होते पण ही जागा कमी होते, आणि काळ्या मातीत नेमका तोच घोटाळा नडतो.

मड टेरेन टायर माती चांगली फेकतो, पण डांबरावर आवाज करतो आणि ओल्या रस्त्यावर ब्रेकिंगला कमी पडतो. ऑल टेरेन मधला मार्ग. माझं मत: वर्षातले दहा महिने डांबरावर जात असतील तर ऑल टेरेनच, मूळ साइजमध्ये, आणि ओल्या शेतात शिरायचा मोह आवरावा. रोजचं काम शेतातच असेल तर मड टेरेन घ्या आणि हायवेवर वेग कमी ठेवा.

घेताना टायरच्या बाजूवरचे तीन तपशील वाचा. लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन झेलतो तो आकडा, मूळ टायरपेक्षा कमी नको. वेगाचं अक्षर बघा: क्यू म्हणजे ताशी 160, एस 180, टी 190, एच 210 किलोमीटर, हेही कंपनीने दिलेल्यापेक्षा खालचं नको. शेवटचे चार आकडे उत्पादनाची तारीख सांगतात. 2324 म्हणजे 2024 चा तेविसावा आठवडा. सवलतीत मिळणारा टायर बरेचदा गोदामात पडून राहिलेला असतो.

साइज बदललीच तर स्पीडोमीटर चुकतो. 245/75 आर 16 चा व्यास सुमारे 774 मिमी, 265/75 आर 16 चा सुमारे 804. फरक जवळपास चार टक्के, म्हणजे काट्यावर 100 दिसताना गाडी 104 ने धावते. समृद्धीवर 120 ची मर्यादा असताना हा फरक चलानच्या रूपाने घरी येतो.

हवा पहाटे, टायर थंड असताना मोजा. आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर असतो. मे महिन्यात दुपारी तापलेल्या टायरची हवा वाढलेली दिसली म्हणून सोडू नका. थंड झाल्यावर ती कमी पडेल, आणि कमी हवेने लांब पळवलेला टायर आतून तापून फुटतो. चिखलासाठी हवा 20-22 पीएसआयपर्यंत उतरवता येते, पण हळू चालवण्यापुरतीच. म्हणून 12 व्होल्टचा कॉम्प्रेसर डिकीत हवा. तो बाहेर दिसत नाही, पण छतावरच्या दिव्यांपेक्षा कितीतरी कामाचा.

पायरी 5: ओढायला हूक, पट्टा आणि ट्रॅक्टर

विंचबद्दल इथे जरा थांबायला हवं, कारण थार-गुरखावाल्यांच्या गप्पांत तो सतत येतो. विंचला अडकवायला काहीतरी पक्कं लागतं. जंगलात झाड असतं. उमरेड-भिवापूरकडच्या कपाशीच्या किंवा सोयाबीनच्या सपाट शेतात दोराच्या टप्प्यात बांधावरचं एक बोरीचं झाड सोडून काहीच नसतं, आणि ते झाड मुळासकट येईल. वर विंच आणि त्याच्या फ्रेमचं वजन नेमकं पुढच्या चाकांवर, म्हणजे जी आधी रुततात त्यांच्यावर.

याउलट विदर्भातल्या कुठल्याही गावात अर्ध्या तासात एक गोष्ट मिळते: ट्रॅक्टर. तेव्हा गाडीला पुढे आणि मागे पक्के हूक असणं, आणि डिकीत योग्य पट्टा असणं, ही इथली खरी विंच.

आता हूक कोणता? गाडीखाली जे गोल कडं दिसतं ते अनेकदा ट्रेलरवर गाडी बांधून नेण्यासाठी असतं, रुतलेली गाडी ओढण्यासाठी नव्हे. मॅन्युअलमध्ये ओढण्याची जागा दाखवलेली असते. बाजारातला हूक घ्यायचा तर तो चासीला मूळ छिद्रांतून उच्च दर्जाच्या बोल्टने बसणारा आणि किती टनांचा ते कोरलेला असावा. नुसता वेल्डिंगने चिकटवलेला हूक घेऊ नका. ट्रेलर जोडायच्या मागच्या लोखंडी गोळ्याला पट्टा कधीही अडकवू नये. तो तुटला तर गोळीसारखा सुटतो आणि यात माणसं मेली आहेत.

पट्टे दोन प्रकारचे. साधा टो पट्टा जवळपास ताणत नाही. ट्रॅक्टरने हळूहळू, सतत ओढण्यासाठी तो योग्य. कायनेटिक दोर वीस-तीस टक्के ताणतो आणि दुसऱ्या गाडीच्या झटक्याने ओढण्यासाठी असतो. साध्या पट्ट्याला झटका दिला की हूक किंवा पट्टा, काहीतरी तुटतं. शॅकल, म्हणजे पट्टा हुकाला जोडणारी कडी, पाऊण इंची, 4.75 टनांचा शिक्का असलेला पुरतो. शिक्का नसलेला हार्डवेअरच्या दुकानातला नको. दोराचा सॉफ्ट शॅकल हलका आणि सुटला तरी कमी धोक्याचा.

ट्रॅक्टरवाल्या काकांना एक गोष्ट नम्रपणे सांगायची: पट्टा ट्रॅक्टरच्या मागच्या, खालच्या ओढायच्या दांड्यालाच (ड्रॉबारला) अडकवा. मागच्या अॅक्सलच्या वर अडकवून जोर लावला तर ट्रॅक्टरचं पुढचं तोंड उचलून तो मागे उलटू शकतो. पट्ट्याच्या मध्यावर एखादं ओलं पोतं टाका, आणि पोरांना पट्ट्याच्या लांबीच्या दीडपट तरी लांब उभं करा.

तरीही विंच हवाच असेल, म्हणजे एकट्याने पेंचच्या बाजूच्या टेकड्यांत फिरणं होत असेल, तर क्षमता गाडीच्या भरलेल्या वजनाच्या दीडपट धरा. 2,200 किलोच्या गाडीला 3,300 किलो. बाजारात 9,500 पौंडांचा म्हणजे सुमारे 4,300 किलोचा सर्रास मिळतो. लिहिलेली ताकद ड्रमवर दोराचा एकच थर उरलेला असतानाची असते, वरच्या प्रत्येक थराबरोबर ती घटते. सिंथेटिक दोर हलका आणि सुरक्षित, पण नागपूरच्या उन्हात त्याचे धागे कमजोर पडतात. कव्हरशिवाय ठेवू नका.

पायरी 6: पोटाखालची प्लेट

इंजिनचा सम्प (खालची ऑइलची टाकी), गिअरबॉक्स, ट्रान्स्फर केस (ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारा डबा) आणि डिझेलची टाकी, या चारांना गाडीखाली काय झाकतं ते आडवं होऊन बघा. बऱ्याच गाड्यांना पुढे फक्त प्लास्टिक असतं. 3 ते 4 मिमीची लोखंडी किंवा 5-6 मिमीची अॅल्युमिनियम प्लेट पुरेशी. लोखंड स्वस्त आणि हिंगणा एमआयडीसीतला कुठलाही चांगला फॅब्रिकेटर ती वाकवून देईल. पण तीन अटी घाला: ऑइल बदलण्यासाठी छिद्र, हवा जाण्यासाठी खाचा, आणि मूळ बोल्टच्या जागांवरच बसणं. चासीला नवीन छिद्र पाडायचं नाही.

इथलं एक खास संकट म्हणजे गवत. दिवाळीनंतर माळरानावरचं गवत कमरेएवढं वाढून वाळतं. गाडी त्यातून गेली की काड्या प्लेटवर, एक्झॉस्टच्या शेजारी साचतात. बीएस 6 डिझेल गाडीचं एक्झॉस्टमधलं काजळीचं फिल्टर स्वतःला जाळून साफ करतं तेव्हा आतलं तापमान सहाशे अंशांच्या घरात जातं. वाळल्या गवतावर गरम गाडी उभी करू नये, आणि प्लेट लावली असेल तर गवतातून आल्यावर हात घालून काड्या काढाव्यात. मोठ्या खाचांची प्लेट त्यासाठीच घ्यायची. पेटलं तर गाडी जाईल आणि शेजाऱ्याचा गोठाही जाईल.

पायरी 7: बाजू, म्हणजे स्लायडर की फूटबोर्ड

दोन्ही लांबून सारखेच दिसतात. स्लायडर चासीला बोल्टने बसतो आणि गाडीचं अर्धं वजन झेलतो. फूटबोर्ड पातळ पत्र्याचा, पाय ठेवण्यापुरता. परीक्षा सोपी: त्याच्यावर जॅक लावून गाडी उचलता येते का, हे दुकानदाराला विचारा. तो हसला तर तो फूटबोर्ड आहे.

आमच्या भागात दगडावर गाडी घासायचे प्रसंग मनसर-रामटेकच्या टेकड्या सोडल्या तर कमीच. घरात आजी-आजोबा असतील तर चढायला पायरी लागतेच, तेव्हा फूटबोर्ड घ्या, पण खाली लोंबणारा नको आणि वरची पट्टी खरबरीत हवी. ओल्या चपलेने पाय घसरतो. रायमुनिया आणि बाभळीच्या काट्यांनी दरवाज्यांवर रेघा पडतात, त्यासाठी खालच्या अर्ध्या दरवाज्यापुरती पारदर्शक फिल्म लावली तरी बास. संपूर्ण गाडीला लावायची तर एका सेट टायरपेक्षा जास्त खर्च येतो.

मड फ्लॅप जरूर लावा, पण रबरी आणि मऊ. कडक प्लास्टिकचे रिव्हर्स घेताना बांधाला अडकून उपटले जातात. दरवाज्यावरचे व्हायजर, कमानीच्या पट्ट्या असं चिकटवायचं काम मे महिन्यात भर दुपारी करून घेऊ नका. 23 मे 2013 ला नागपुरात 47.9 अंश नोंदले गेले. तसल्या उन्हात उभ्या काळ्या गाडीच्या पत्र्याला हात लावता येत नाही, मग टेप काय धरणार. सकाळी, सावलीत, पत्रा स्पिरिटने पुसून लावा आणि तीन दिवस गाडी धुऊ नका.

पायरी 8: पाणी आणि स्नॉर्केल

23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी काठच्या वस्त्यांत शिरली आणि पार्किंगमधल्या गाड्या पाण्याखाली गेल्या. त्यानंतर स्नॉर्केलची, म्हणजे इंजिनसाठी छताजवळून हवा घेणाऱ्या नळीची, चौकशी वाढली, पण स्नॉर्केल चालू इंजिनची हवा घ्यायची जागा उंच करतो, एवढंच. बंद गाडीत शिरलेल्या पाण्यावर, वायरिंगवर, अल्टरनेटरवर त्याचा काही उपयोग नाही. नवीन थारला कंपनी 650 मिमी पाण्याची खोली सांगते. स्नॉर्केल लावून तो आकडा आपोआप वाढत नाही.

पाण्यातून जाणाऱ्यांना त्याआधी ब्रीदरचे, म्हणजे गिअरच्या डब्यांतली हवा आत-बाहेर जाण्याचे, पाइप उंच करून घ्यायला हवेत. डिफरन्शियल (अॅक्सलमधला गिअरचा डबा) तापलेलं असताना थंड पाण्यात गेलं की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून पाणी ओढलं जातं. ऑइल दुधासारखं पांढरं होतं. रबरी पाइप बोनेटपर्यंत नेला की प्रश्न मिटतो, आणि खर्च स्नॉर्केलच्या तुलनेत नगण्य. गुरखाला स्नॉर्केल कंपनीतूनच येतो. इतर गाड्यांना तो लावायला फेंडर कापावा लागतो, तेव्हा वॉरंटीचा प्रश्न आधी शोरूमला लेखी विचारा. उन्हाळ्यात खाणींच्या रस्त्यांवर धुळीमागून चालणाऱ्याला त्याचा खरा फायदा होतो, हे मात्र मान्य.

पायरी 9: छत आणि दिवे

छतावर जड काही नेऊ नका. टाकी, स्टेपनी, पाण्याचे कॅन वर गेले की वळणावर गाडी झुकते. पेट्रोलचा कॅन बाहेर टांगणं तर नागपूरच्या उन्हात वेडेपणा. छताला एकच गोष्ट शोभते: ऑनिंग, म्हणजे बाजूला उलगडणारी ताडपत्री. शेतावर दुपारी बारा वाजता त्याच्या सावलीची किंमत कळते. पण एप्रिल-मेच्या संध्याकाळी वादळ उठलं की आधी तेच गुंडाळा. खुंट्या आणि दोर स्वतंत्र ठेवा.

एलईडी बार सार्वजनिक रस्त्यावर पेटवणं नियमात बसत नाही आणि समोरच्याचे डोळे दिपवतं. जंगलालगतच्या रस्त्यावर जनावर झोताने जागीच खिळतं. हिवाळ्यातल्या धुक्यासाठी बंपरमध्ये खाली, रुंद झोताचे पिवळसर फॉग लॅम्प लावा, रिले आणि फ्यूजसकट. रेडिएटरसमोर मात्र काही लावू नका. मेमध्ये त्याला सगळी हवा लागते.

पायरी 10: बसवून घेताना आणि नंतर

बिल जीएसटीसह घ्या. मूळ काढलेले भाग घरी आणा, फिटनेस किंवा विक्रीच्या वेळी लागतात. वायर कापून जोडणारा इलेक्ट्रिशियन नको, कपलरने जोडणारा हवा. कापलेल्या वायरवरून वॉरंटी नाकारली जाते. बसवून झाल्यावर मोबाइलच्या कोन मोजणाऱ्या ॲपने पुढचा आणि मागचा कोन (गाडी खाली न घासता किती चढ चढते-उतरते तो) पुन्हा मोजा. मागचा हूक आणि फ्लॅपमुळे तो किती घटला ते तेव्हाच दिसतं.

पहिल्या 500 किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा आवळा, मार्करने नट आणि पत्रा यांच्यावर एक रेघ ओढून ठेवा. रेघ तुटलेली दिसली की नट सैल झालाय. चिखलातून आल्यावर काळी माती ओली असतानाच धुवा. वाळली की ती प्लेटच्या वर आणि चाकाच्या आतल्या बाजूला दगडासारखी बसते, चाकाचं बॅलन्स जातं आणि 80 च्या वर स्टिअरिंग थरथरतं. अलाइनमेंटवाल्याकडे जाण्याआधी रिमच्या आत पाण्याचा पाइप धरून बघा. बरेचदा तेवढ्यावरच भागतं.